आत्याच्या टॅबवरून गेलेली चित्रं

माझी आत्या तेलंगणातल्या वांकिडीकडच्या एका गावात सरकारी मराठी शाळेत शिकवते. आमच्या घराण्यात मास्तरीण झालेली ती पहिली. मी आदिलाबादेत घरी बसून हैदराबादच्या एका कंपनीचं काम करायची. मुलांना धडे ऐकवणारं आमचं ॲप आत्याच्याच वर्गातल्या टॅबवर चालायचं, याचं मला फार कौतुक होतं.

ॲपमध्ये आवाज वाजवायचं काम बाहेरून घेतलेला एक तयार प्रोग्राम करायचा. अशा प्रोग्रामला आम्ही लायब्ररी म्हणतो. त्यात एक खोट सापडल्याचं जाहीर झालं. आलेल्या फाइलसाठी तो मेमरीत ठरावीक जागा राखायचा, पण फाइल तेवढ्यात मावते का हे तपासायचाच नाही. उरलेलं शेजारच्या जागेत सांडायचं. कुणी मुद्दाम तशी फाइल बनवली, तर त्या सांडलेल्या भागातून टॅबला हवा तो हुकूम देता यायचा. दुरुस्ती तयार होती, फुकट होती. आम्ही फक्त नवी आवृत्ती घालायची होती. मी कंपनीतल्या माझ्या साहेबांना सांगितलं. पुढच्या खेपेला बघू, म्हणाले. पुन्हा सांगितलं तेव्हा हसून म्हणाले, "खेड्यातल्या शाळेवर कोण हल्ला करणार?"

महिनाभरात पालकांच्या ग्रुपवर 'नवी कविता' म्हणून एक फाइल आली. आत्याने ती वर्गात आमच्या ॲपवर लावली. नुसती खरखर झाली आणि टॅब बंद पडून आपोआप सुरू झाला. संध्याकाळपर्यंत त्याच टॅबवरून, तिच्या नावाने, पालकांच्या घरोघरच्या फोनवर घाणेरडी चित्रं पोचली होती.

कंपनीने शिक्षण खात्याला कळवलं की चूक वापरणाऱ्या बाईंची आहे, त्यांनी अनोळखी फाइल उघडली. ज्या ॲपचं कामच फाइल उघडून ऐकवायचं, त्यात ती उघडली हा गुन्हा? खात्याने आत्याकडे माफीनामा मागितला. मी तिच्यासोबत कचेरीत गेले. अधिकारी तेलुगू होते, पण मराठी समजायचे. आत्या त्यांना शांतपणे म्हणाली, "साहेब, मी काऊन माफी मागू? तुमीच देलेलं काम करून राह्यली होती मी."

मग मी तेलुगूत सगळं सांगितलं. मी त्याच कंपनीत आहे आणि ही खोट मी दोनदा कानावर घातली होती, हेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी कंपनीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. शेवटी माफीनामा राहू द्या, म्हणाले.

त्याच आठवड्यात कंपनीने गुपचूप दुरुस्ती पाठवली. सोबत एकच ओळ होती: आवाजाचा दर्जा सुधारला आहे. आत्याचा कुठे उल्लेख नाही, दिलगिरीचा शब्द नाही. मी नोकरी सोडली.

आत्या रोज शाळा सुटल्यावर एकेका घरी जाऊन बसली, ती चित्रं आपण पाठवली नाहीत हे सांगत राहिली. बहुतेकांनी ऐकून घेतलं. दोन घरांनी मात्र मुली शाळेतून काढल्या त्या काढल्याच. कंपनीतले माझे ते साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत.