नुसतं सुनील

नव्वदच्या दशकात, अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक ज्यू आजीबाई होत्या. रोज भेटल्या तरी हात पुढे करून पूर्ण नाव सांगायच्या, आडनावासकट, खणखणीत. मला वाटायचं, विसरतात बिचाऱ्या. एकदा खालच्या लाँड्रीत मी विचारलंच.

"युद्धात मी तुझ्याहून लहान होते," त्या म्हणाल्या. "खोट्या नावाने, ख्रिश्चन म्हणून एका घरात मोलकरीण होते. झोपेत खरं नाव तोंडून निघेल म्हणून झोपायचीही भीती वाटायची. आता मी ते कुठेच गिळणार नाही."

तेवढ्यात नव्याने राहायला आलेल्या एक काकू कपडे घेऊन आल्या. "तुम्हीच का ते मराठी? आडनाव काय तुमचं?"

आडनावावरून जात कळते. मी नेहमीसारखा अडखळलो. "नुसतं सुनील म्हणा."

आजीबाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ते अडखळणं कळलं. हातातली चादर ठेवून त्या माझ्यासमोर आल्या, हात पुढे केला, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि माझा हात न सोडता थांबून राहिल्या.

"सुनील कांबळे," मी म्हणालो. काकूंना नीट ऐकू जाईल असं.