फिल्ममध्ये नसलेला बँड

बँडमध्ये गाणी जमतात, असा लोकांचा समज असतो. आमच्याकडे इतक्या वर्षांत धड बसवलेली गाणी जेमतेम दहा-बारा. पण किस्से? हीप्स, म्हणजे ढिगाने! दर शुक्रवारी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या आमच्या गराजमध्ये वायरी जोडून होईपर्यंत कोणीतरी म्हणतं, "ए, ते टौरंगाचं सांग ना!" आणि प्रॅक्टिसचा बोऱ्या वाजतो. त्या संध्याकाळी वाजतं ते तेवढंच!

आम्ही चौघं. ड्रम्सवर डॉक्टर शिरीष, मूळचा दादरचा, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. दिवसा लोकांना झोपवतो आणि संध्याकाळी अख्खी गल्ली जागी ठेवतो. गाते मेधा. ठाण्याची, फार्मसिस्ट. लीड गिटारवर आमचा शेजारी ब्रेंट, अस्सल किवी, धंद्याने प्लंबर, ऐन थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. आणि बेस गिटारवर मी. बेस कोणालाच ऐकू येत नाही. थांबला की मात्र सगळे माना वळवून विचारतात, "काय झालं?"

*

बँडचं नाव 'हिंग'. ते पडलं मेधामुळे.

मेधा पहिल्यांदा या देशात उतरली तेव्हा विमानतळावरच्या साहेबाने तिची हिंगाची डबी उघडली. वास घेतला आणि दोन पावलं मागे सरकला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हे जिवंत आहे का?"

हे ऐकून ब्रेंट गराजच्या फरशीवर लोळायचा बाकी राहिला. "नाव ठरलं!" म्हणाला. शिरीषलाही पटलं. "बरोबर आहे. चिमूटभरच असतो, पण शेजारच्या घरालाही कळतो."

पहिल्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर छापणाऱ्याने आपल्या अकलेने इंग्रजी नावापुढे एक 'ई' वाढवला आणि आम्ही झालो 'द हिंज'. म्हणजे दाराची बिजागरी! मी चिडले. मेधाने शांतपणे पोस्टर पाहिलं आणि म्हणाली, "असू दे गं. करकरतो आपणही."

*

आता टौरंगा.

जानेवारीतला कडक उन्हाळा, त्या गावातलं बंदराजवळचं मैदान, दिवसभर एकामागून एक बँड. कॉलिन नावाचा एक लांबोडका, मितभाषी माणूस कॅमेरे लावून सगळ्याची फिल्म करत होता. तेव्हा कोणी त्याला फारसं विचारतही नव्हतं.

आम्ही उभे राहिलो सूर्य कलल्यावर. शेवटचं गाणं मेधाचं स्वतःचं होतं, मराठी. रात्रपाळी करून पहाटे घरी येणाऱ्या वडिलांवर लिहिलेलं. समोर हजारभर तरी माणसं, त्यातली मराठी समजणारी आमच्या घरचीच. पण मेधाने पहिली ओळ घेतली आणि मैदान गप्प झालं. खाण्याच्या गाड्यांवरच्या बाया हातातलं काम थांबवून बघायला लागल्या. ती तशी आधी कधी गायली नव्हती. नंतरही नाही.

आणि मधेच ड्रम्स थांबले!

मी वळून बघते तर शिरीषने काठ्या फेकल्या होत्या. त्याच्या धक्क्याने एक झांज खणखणत खाली पडली आणि हा पठ्ठ्या स्टेजवरून उडी मारून गायब! लोक हैराण. मेधा गायची थांबली. ब्रेंटने मागे एक नजर टाकली आणि असा काही गिटारवर सुटला की सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागले. तो मुद्दामच सुटला होता, हे मला मागाहून कळलं.

झालं असं होतं की स्टेजच्या बाजूला, मोठ्या स्पीकरच्या आड, आवाजाची व्यवस्था बघणारा एक माणूस छाती धरून कोसळला होता. ड्रमर उंचावर बसतो, म्हणून ते आधी शिरीषला दिसलं. मागच्या बाजूने अँब्युलन्स येईपर्यंत तो त्या माणसाची छाती दाबत राहिला. त्याचं हृदय पुन्हा सुरू झालं. आमचं गाणं मात्र बंद पडलं ते पडलंच.

(त्या माणसाचं नाव-गाव न सांगता एवढं सांगायची परवानगी शिरीषने अगदी अलीकडे दिली आहे!)

*

कॉलिनची फिल्म लागली आणि काय चालली! गावोगावी थिएटरं भरली, टीव्हीवर आली, डीव्हीडी दुकानादुकानांत. तिच्यातला एक बँड थेट लंडनला गेला. एका गायकाला टीव्हीवर चीजची जाहिरात मिळाली. त्या दिवशी बऱ्यापैकी बेसूर वाजवलेल्या एका बँडलाही लोक 'लेजंड्स' म्हणायला लागले.

आम्ही चौघं नटूनथटून हॅमिल्टनच्या थिएटरात गेलो. बघतोय, बघतोय... आमच्या आधीचा बँड आला, आमच्या नंतरचा बँड आला. मधे 'हिंग' नाही!

त्या शूटिंगमध्ये कोसळलेला माणूस दिसत होता आणि त्याच्या घरच्यांनी ते वापरू नका अशी विनंती केली होती. कॉलिनने मान राखला. पुढच्याच आठवड्यात तो स्वतः गराजमध्ये आला, टोपी हातात धरून म्हणाला, "सॉरी. त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं गाणं तुमचं होतं." मेधा म्हणाली, "तू बरोबर केलंस." आणि चहा टाकायला आत गेली. चहाला बराच वेळ लागला.

पुढे काही महिन्यांनी ठाण्याहून तिच्या आईचा फोन. कोणीतरी परस्पर पाठवलेली डीव्हीडी पोचली होती. "अगं मेधा, आम्ही दोनदा बघितली. तू कुठल्या बाजूला उभी आहेस?"

एकट्या ब्रेंटची तक्रार नव्हती. लंडनला गेलेल्या बँडच्या मागे त्याची प्लंबिंगची व्हॅन उभी दिसत होती. फोन नंबरासकट! त्याला लांबलांबच्या गावांतून नळ गळतोय म्हणून फोन यायला लागले. "फिल्मने आयुष्य बदललं, मेट!" असं तो आजही सांगतो.

*

पण लोकांच्या लेखी फिल्ममध्ये नाही म्हणजे काहीतरी भानगड असणारच! पाहणाऱ्यांनी काय पाहिलं होतं? ड्रमरने काठ्या फेकल्या, झांज पाडली आणि निघून गेला. मग कोणी म्हणे आयोजकांशी मारामारी झाली. कोणी म्हणे मेधाने त्याचा अपमान केला. कोणी म्हणे आम्ही एवढ्या जोरात वाजवलं की कॅमेऱ्याच्या काचा तडकल्या!

मी शिरीषला म्हटलं, "अरे, खरं काय ते सांगून टाक ना एकदा! पेपरात फोटो येईल."

"ती पेशंटची गोष्ट आहे," तो म्हणाला. "बँडची नाही." आणि झांजेचा स्क्रू आवळायला लागला. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये एका सर्जनने मास्कच्या आडून त्याला विचारलं, "त्या कार्यक्रमातून उठून गेलेला ड्रमर तूच का?"

"हो."

"का गेलास?"

"जावं लागलं."

सर्जनने टेबलावरच्या पेशंटकडे पाहिलं, मग शिरीषकडे पाहिलं. "आज संपेपर्यंत थांबशील ना, मेट?"

*

गंमत म्हणजे त्या बदनामीने आमचा भाव वाढला! फिल्ममध्ये दिसलेले बँड सगळ्यांनीच बघितले होते. आम्हाला बघायचं तर प्रत्यक्षच यावं लागे. हॅमिल्टनच्या एका पबने बोलावलं तर बाहेर ही रांग! विद्यार्थीच विद्यार्थी, सगळ्यांचे डोळे शिरीषवर. घरून दहीभात खाऊन आलेला, चष्म्याला दोरी बांधलेला आमचा शिरीष! एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "बघ, कसा शांत बसलाय. असेच लोक डेंजरस असतात."

आम्ही जीव तोडून वाजवलं. एकही चूक नाही. शेवटी शिरीषने उभं राहून नमस्कार केला, काठ्या पिशवीत ठेवल्या, पिशवीची चेन लावली.

मागून एक पोरगा ओरडला, "काय हे! ड्रमर गेलाच नाही!"

*

मग ऑकलंडच्या मराठी मंडळींनी गणपतीत बोलावलं. माउंट वेलिंग्टनच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम. निवेदक होते साने काका, भारी उत्साही माणूस. आमची ओळख काय करून द्यायची, हा त्यांच्यापुढे प्रश्न. माइक हातात घेऊन गरजले, "सादर करत आहोत, टौरंगाच्या त्या गाजलेल्या फिल्ममध्ये ज्यांनी काम केलेलं नाही, असे आपले गुणी कलाकार!"

टाळ्यांचा कडकडाट. मी तोंड लपवायला जागा शोधतेय, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "त्यात काय एवढं? मीसुद्धा नाहीये त्या फिल्ममध्ये!"

मेधा त्या दिवशी इतकी हसली की पहिलं गाणं पुन्हा सुरू करावं लागलं. मला बरं वाटलं. कारण टौरंगानंतर ती हसायची, गायची, सगळं करायची, पण ते एक गाणं तिने पुन्हा काढलं नव्हतं. कोणी फर्माईश केली तर म्हणायची, "ते तिथेच राहिलं." आम्हीही मग विषय काढायचो नाही. शिरीष तर नाहीच नाही. एकदाच, तिची पाठ वळल्यावर, तो मला म्हणाला, "माझ्या हातून तिचं गाणं गेलं गं." मी म्हटलं, "आणि एक माणूस परत आला." तो म्हणाला, "ते तिलाही मान्य आहे. म्हणूनच ती कधी बोलत नाही."

*

शेवटचा किस्सा मेधाच्या फार्मसीतला. तिने सांगितला तसाच सांगते.

एक दुपार. काउंटरपाशी एक माओरी आजी, अंगाने भरभक्कम, कडेवर वर्षभराचा नातू. नवऱ्याला टौरंगाहून हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात आणलं होतं, त्याची औषधं न्यायची होती. "किया ओरा" असा नमस्कार झाला, मेधा गोळ्या काढायला मागे वळली. नातू किरकिर करायला लागला, तशी आजी त्याला थोपटत गुणगुणायला लागली.

मेधाच्या हातातली बाटली हातातच राहिली. चाल तिची होती! संथ, अगदी संथ केलेली, पण तीच. शब्द मात्र माओरी.

"हे कुठे ऐकलंत?" मेधाने विचारलं.

"टौरंगाच्या त्या कॉन्सर्टला. आमची तळलेल्या पावाची गाडी स्टेजच्या बाजूलाच होती. दुपारी तालमीत ऐकलं, संध्याकाळी पुन्हा ऐकलं. एक इंडियन बाई गात होती." आजींनी चष्म्यावरून नीट पाहिलं. "तूच ना ती?"

मेधाने मान डोलावली.

"फिल्म आणली होती मी, खास तुझ्या गाण्यासाठी. तू नाहीसच तिच्यात!" आजी म्हणाल्या. "मग काय, मलाच म्हणावं लागलं. तुझे शब्द कळले नव्हते, म्हणून माझे घातले. घरातली चारही नातवंडं याच्यावरच झोपतात."

बोलता बोलता कडेवरचा झोपलासुद्धा.

त्या शुक्रवारी मेधा गराजमध्ये आली. पर्स ठेवली, माइक सरळ केला आणि कोणालाच काही न सांगता ते गाणं सुरू केलं. आमची तारांबळ उडाली! ब्रेंट धावत गिटारपाशी, मी बेस गळ्यात अडकवतेय. शिरीष क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला, मग काठ्या उचलून त्याने नेहमीसारखा दणकून ठेका धरला.

मेधाने गाणं न थांबवता हात वर केला.

"हळू रे, शिरीष," ती म्हणाली. "पोरं झोपलीत."