मुका मार

दुखणं इतक्या हौसेनं भोगणारा माणूस उमरगा तालुक्यात आमच्या घरमालकांखेरीज दुसरा झाला नाही. निजामी जाऊन बरीच वर्षं लोटली होती आणि मी तिथल्या हायस्कुलात नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. घरमालकांना सगळी गल्ली चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. धंदा बांगड्यांचा. सायकलला पेटी बांधून ते आठवड्याचे बाजार करीत; पण त्यांचा जीव बाजारात कमी आणि स्वतःच्या शरीरात जास्त रमे. सकाळी गुडघा धरलेला असे, जेवणाच्या वेळेला छातीत कळ येई आणि दिवेलागणीला कंबर बोलू लागे. पायात काटा मोडला तरी "मास्तर, आता काय म्या वाचत न्हाय," म्हणून माझा हात हातात घेत. एकदा शेजारी मयत झाली, तिथं चाचा सांत्वनाला गेले आणि आपल्या पाठीची हकीकत अशी रंगवून सांगितली, की घरची माणसं डोळे पुसून त्यांच्या पाठीला तेल चोळत बसली. चाची मात्र भाकरी थापता थापता नुसतं "व्हय, व्हय" म्हणत. नवऱ्याकडं त्यांचं लक्षच नाही, असं मला वाटे.

एके दिवशी चाचा बाजारातून सायकल हातात धरून येत होते. हमरस्ता ओलांडताना सोलापूरकडून आलेल्या मोटारीनं त्यांना उडवलं. सायकलचा दांडा पोटात घुसला आणि ते रस्त्याकडेला पडले. मोटारवाले शेठ धावत उतरले. चाचा उठले, धोतर झटकलं, पेटी उघडून पाहिली. आत एकही बांगडी फुटली नव्हती. अंगावर खरचटल्याची खूणही नव्हती. "कुछ नहीं हुआ, शेठ," असं म्हणून ते घरी आले आणि ओट्यावर गुपचूप बसले.

थोड्या वेळानं चाची घाबऱ्याघुबऱ्या माझ्या दाराशी आल्या. "मास्तर, लवकर चला ओ. मोटार लागली म्हणतेत, अन् कुठंच दुखत न्हाय म्हणतेत!"

मला हसू आलं. "मग चांगलंच आहे की, चाची."

"चांगलं कशाचं? ह्या माणसाला न दुखता कधी चैन पडलंय का? आत कायतरी झालंय."

त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. चाचांना आम्ही दोघांनी धरून डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, नाडी धरली, पोट चाचपलं आणि म्हणाले, "मुका मार आहे. आत रक्त वाहतंय. आत्ताच्या आत्ता सोलापूरला न्या." ते शेठ अजून स्टँडपाशी चहा घेत होते. ऐकल्याबरोबर कप तसाच ठेवून त्यांनी मोटार उलटी फिरवली. सोलापूरच्या डॉक्टरांनी चाचांची फुटलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढून टाकली. "आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं," असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा चाची भिंतीला टेकून खाली बसल्या.

चाचा वाचले, पण ओझं वाहायची मनाई झाली. बाजार बंद पडले. "मोटारीचा विमा आहे, भरपाई मागा," असं त्या शेठनीच सुचवलं. विमा कंपनी मात्र कबूल होईना. दावा उस्मानाबादच्या कोर्टात गेला.

कंपनीचे वकील हुशार होते. उलटतपासणीत त्यांनी चाचींना विचारलं, "तुमच्या नवऱ्याचं पोट आधीपासूनच दुखत होतं ना? सारा गाव सांगतो."

"व्हय साहेब. पोट, पाठ, डोकं, समदंच दुखायचं. पण दुखलं की ते सांगायचे. त्या दिवशी खरंच लागलं, अन् गप बसले."

"पेटीतली एकही बांगडी फुटली नाही, अन् पोट कसं फुटलं?"

"बांगड्या म्या गवतात गुंडाळल्या व्हत्या, साहेब. पोटात गवत कुठलं?"

न्यायाधीशांनी हसू लपवायला रुमाल तोंडाशी धरला. सोलापूरच्या डॉक्टरांची साक्ष त्याआधी झालीच होती. निकाल चाचांच्या बाजूनं लागला.

येताना एस.टी.त चाची खिडकीशी डुलकी घेत होत्या. चाचांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, सारी गल्ली माझं ऐकायची. ध्यान देऊन ऐकत व्हती ती ही एकलीच."

भरपाईतून त्यांनी स्टँडसमोर छोटं दुकान टाकलं. मुहूर्ताच्या दिवशी गिऱ्हाइकं उभी होती, तरी चाचांनी आधी चाचींना समोर बसवलं आणि हिरव्या बांगड्या काढल्या. चाचींचे हात कामानं जाड झालेले; बांगडी अंगठ्याशी अडली. गावभरच्या बायकांना बांगड्या भरणाऱ्या त्या माणसाचा हात तिथं थांबला.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

चाचींनी त्यांच्याकडं पाहिलं, पदर ओठांशी नेला आणि मान हलवून "न्हाय" म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. आता दोघंही नाहीत. माझी बदली तर केव्हाच झाली. पण चाचांची आठवण निघाली, की मला त्यांचं एकही दुखणं आठवत नाही. अडलेल्या बांगडीशी जपून थांबलेला तो हात तेवढा दिसतो.