वापस मागवलेलं मचाण

विकलेली वस्तू दुकानदाराने स्वतःहून परत मागितली, असं आमच्या गावात कधी घडलं नव्हतं. उलट आपण परत द्यायला गेलो की तो ओळखही दाखवत नाही, हा सगळ्यांचा अनुभव. त्यामुळे मानोऱ्याच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की 'यंदा आपल्याकडून नेलेल्या मचाणांवर कोणी चढू नये, वापस आणून द्यावे, नवीन हूक फुकट लावून मिळतील', तेव्हा गावाने त्याचा एकच अर्थ काढला. लोखंड महागलं असणार आणि आपला माल स्वस्तात गेला म्हणून याच्या पोटात दुखायला लागलं असणार.

त्यातून 'फुकट' हा शब्द वाचल्यावर तर खात्रीच पटली. दोन दिवसांत गावातली निम्मी मचाणं गायब झाली. कोणी तुराट्यांच्या ढिगाखाली झाकलं, कोणी हिरव्याचा निळा रंग दिला. एकाने तर ग्रुपवर सरळ लिहिलं, 'आमी तुमच्याकडून काहीच नेलं नाई.' खाली त्याच्याच भावाने अंगठा दाखवला.

मचाण म्हणजे काही फार मोठी चीज नव्हती. बारा फुटांची लोखंडी शिडी, वर बसायला फळी, डोक्यावर पत्रा. झाडाला टेकवायची आणि फळीमागचे दोन हूक बुंध्याभोवतीच्या साखळीत अडकवायचे. वेल्डिंगवाल्याने मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी शिकाऱ्यांचा व्हिडिओ बघून ती बनवली होती. आमच्याकडे शिकार कोणी करत नाही, हरभरा राखतात. रात्री येणाऱ्या रोह्यांसाठी, म्हणजे नीलगाईंसाठी, आणि डुकरांसाठी विजेचा झटका देणारी तार आहे, पण वानरांना तारेचं काय? ती झाडावरून येतात आणि घाटे खाताना आपल्याकडेच बघत बसतात.

आमच्या शेतातलं मचाण बांधावरच्या कडुनिंबाला होतं आणि त्यावर दिवसभर माझे सासरे, आमचे मामाजी, बसत. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, पण सकाळी नऊला वर आणि संध्याकाळी पाचला खाली, अगदी ऑफिससारखं. मचाणासोबत कमरेला बांधायचा एक पट्टाही मिळाला होता, माणूस डुलकी लागून पडू नये म्हणून. तो मामाजींनी पाण्याच्या कॅनला बांधला होता. कॅन पडली तर पुन्हा खाली उतरावं लागतं, हे त्यांचं कारण. यावर मी काय बोलणार? बोलले म्हणा, पण त्यांनी ऐकलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझे यजमान वाशीमला नोकरीला जातात. माझा राग नाकावर असतो, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. घरी मात्र तो मी भांडी आपटून काढते. तो मेसेज वाचल्यावर मी त्या संध्याकाळी बरीच भांडी आपटली. मामाजींनी शांतपणे चहा मागितला.

रविवारी सकाळी वेल्डिंगवाला स्वतःच टेंपो घेऊन आमच्या शेतात आला. मी डबा द्यायला गेले होते. टेंपो लांबून दिसताच मामाजी, जे तोवर खाली भाकरी खात होते, हातातला घास तसाच तोंडात कोंबून भराभर शिडी चढले आणि फळीवर मांडी घालून बसले.

"घेऊन जा," ते वरून म्हणाले. "माह्यासकट घेऊन जा."

वेल्डिंगवाला तसा भला माणूस. आठवडाभर लोकांचे टोमणे खाऊन त्याचा चेहरा उतरला होता. "काकाजी, ऐका न माहं. पानकळ्यातल्या पावसानं माह्याजवळच्या वेल्डिंगच्या रॉड सर्दावल्या होत्या, मले समजलं नाई. वेल्डिंग वरून चांगली दिसते, पण आतून पोकळ हाये. माह्याच आंगणात एक हूक हातात आला, आईची आण."

"मंग तुह्या आंगणातलं खराब असंन. माहं चांगलं हाये. महिना झाला बसून राह्यलो मी."

"महिना झाला म्हूनच भेव लागून राह्यलं मले."

मी म्हटलं, "मामाजी, उतरा न खाली. तो नवीन हूक लावून परवा आणून देते म्हणते."

"तू मधात नको बोलू बाई. एकदा गेलं की कायचं येते वापस? उद्या तू शाळेत जाशीन, तुहा नवरा आपिसात जाईन. मी काय करू घरी, भिंतीकडे पाहू? तुही सासू गेली तवापासून घर खायले उठते मले. अथी निदान वानरं तरी येतात."

सासूबाई गेल्यापासूनची दोन वर्षं ते शेतातच दिवस काढत आले होते आणि मी समजत होते की म्हाताऱ्याचा जीव हरभऱ्यात अडकलाय. यजमानांशी थट्टाही करत होते, की मामाजींना आपल्यापेक्षा वानरांची जास्त ओढ. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली. मग तीच लाज रागात गेली, कारण मला तेवढंच येतं. लाज वाटो नाहीतर काही वाटो, माणूस वर होता आणि हूक पोकळ होते.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. सासरे समोर असताना सून खाटेवर, खुर्चीवर बसत नाही. शाळेत मी दिवसभर खुर्चीत बसून चाळीस पोरांना दटावते, पण घरी मामाजी असले की एकतर उभी, नाहीतर खाली पाटावर. त्यांनी तसं कधी सांगितलं नाही आणि मी कधी मोडलं नाही. त्यांच्या शेजारी एका फळीवर बसणं तर मी मेले असते तरी केलं नसतं. आणि मी चढतेय म्हटल्यावर संकोचाने ते नक्की उतरणार, हे मला ठाऊक होतं. मी पदर खोचला, चपला काढल्या आणि शिडीवर पाय ठेवला.

"काय करून राह्यली तू?"

"वर येऊन राह्यली. तुमच्या बाजूला बसते. फळीवर दोघांची जागा हाये."

वेल्डिंगवाला "ताई, ताई" करत पुढे धावला. मी दुसरी पायरी चढले, मग तिसरी. वरून काहीतरी करकरलं. मी मान वर केली तेव्हा मला वाटलं होतं, मामाजी शरमेने तोंड फिरवून बसले असतील. ते फळीवरून अर्धे खाली वाकले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चढू नको!" ते ओरडले. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "उतर पहिले! तुटन ते!"

वेल्डिंगवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी सावकाश खाली उतरले आणि विचारलं, "काय तुटन, मामाजी? तुमचं तं चांगलं हाये न?"

ते म्हणाले, "माहं काय, म्हातारा माणूस. मी पडलो तं काय? तुले दोन लेकरं हायेत."

म्हणजे त्यांनी तो मेसेज पहिल्या दिवशीच खरा मानला होता. मानून, रोज सकाळी नऊला ते मचाणावर चढत होते. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि तोंडही सुटलं. "तुमी पडले तं काय? आमाले काहीच नाई का होत? मी कोण हावो तुमची? रोज डबा कायले आणते मी, वानरांसाठी?" आमच्या घरात कोणती सून सासऱ्याला असं बोलली नसेल, तेही परक्या माणसासमोर. मला त्याचा आजही पस्तावा नाही.

ते उतरले. बारा फूट उतरायला त्यांना इतका वेळ लागला की माझा जीव टांगणीला लागला. पायरी हाताने चाचपायची, मग पाय सोडायचा. वेल्डिंगवाल्याने खालून शिडी दोन्ही हातांनी झाडाला दाबून धरली होती. मामाजींचे पाय मातीला लागल्यावर त्याने आमच्याआधी नाक पुसलं.

मग त्याने फळीला दोर बांधला, आम्हाला लांब उभं केलं आणि टेंपोजवळून एकच हिसका दिला. फार मोठा आवाज झाला नाही. ओली काडी मोडावी तेवढाच. दोन्ही हूक तुटून साखळीतच राहिले आणि शिडी, फळी, पत्रा, पट्ट्याने नीट बांधलेली कॅन, सगळं आडवं होऊन हरभऱ्यात पडलं. मामाजी बांधावर बसले. मी पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी न पिताच बाजूला ठेवला.

"तू तिसऱ्या पायरीवर होती," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले तेव्हा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ते वेल्डिंगवाल्याच्या गाडीवर मागे बसून निघाले होते. दिवसभर दोघे गावात आणि आजूबाजूच्या तांड्यांवर फिरले. पुढचं मला वेल्डिंगवाल्याने सांगितलं. त्याने हुकांचं काही बोलायला सुरुवात केली की लोक हात झटकत. मामाजी त्याला थांबवत आणि फक्त विचारत, "दिवसा मचाणावर कोण बसते तुह्या घरचं?" माणूस सांगायला लागे, बायको, सून, माय, आणि सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होई. बहुतेकांनी मचाणं काढून दिली. निळ्या रंगाचंही निघालं.

शेवटचं शेत मामाजींच्याच वयाच्या एका माणसाचं होतं. बायको गेलेली, मुलं पुण्याकडे. मचाण झाडालाच होतं आणि तो वर बसलेला. मामाजींनी तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मीच बसतो. माह्याबिगर हाये कोण? पडलो तं पडलो."

वेल्डिंगवाला म्हणतो, मामाजींनी पुढे होऊन खालून शिडी धरली. मग म्हणाले, "तू पडला तं मी कोणासंग बोलू? उतर. हूक लावून होयेपरेंत रोज माह्या वावरात येत जा. वानरं दोघं मिळून हाकलू."

तो जपून खाली उतरला आणि मग दोघांनी मिळूनच साखळी सोडली.