पत्र्यावरचं सुलट नाव

हूरातल्या त्या वेटरची केस मी अजून विसरलेलो नाही.

ऐंशी सालच्या आसपास मी बहारीन पोलिसांत, हूरा ठाण्यावर होतो. वसईचा एक वेटर तक्रार घेऊन आला. पूर्वी जहाजावर असताना त्याने माल्टाचं जुनं बंदर पाहिलं होतं. ते त्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरलं होतं आणि त्याचे छाप काढले होते. त्याच्या हॉटेलला ते चित्र सगळ्या खोल्यांत हवं होतं. मॅनेजर त्याचा वेटरचा व्हिसा बदलून चित्रकाराचा करून देणार होता. नेमका पत्राच ट्रंकेतून गेला.

दुसऱ्या दिवशी एका न्हाव्याने खबर दिली. वेटरच्याच खोलीत राहणारा चिपळूणकडचा पेंटर 'उद्या मॅनेजरला माझं चित्र दाखवतो' म्हणून सांगत होता. पंचांसमक्ष झडती घेतली. पत्रा त्याच्या गादीखाली निघाला.

हा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. "पत्रा माझाच, साहेब. कोपऱ्यात नाव वाचा की!" नाव खरंच त्याचं होतं, मोत्यासारख्या अक्षरांत कोरलेलं. वेटरचं कुठेच नव्हतं. तो छापाखाली पेन्सिलीने सही करायचा, आणि तशी सही कुणीही करील, असं पेंटरचं म्हणणं. दोन तास विचारपूस केली, गडी बधेना. शेवटी वेटर हळूच म्हणाला, "सायेब, एक छाप काढून बघू या?"

हॉटेलच्या लाँड्रीत कपडे पिळायचे रूळ होते, त्यांतूनच तो छाप काढायचा. पत्र्यावर शाई चोळली, पुसली, ओला कागद ठेवून रूळ फिरवले. तटबंदी, शिडाची जहाजं, सगळं झकास उमटलं. पेंटरचं नाव मात्र आरशात दिसावं तसं उलटं! छापात सुलट यायला पत्र्यावर उलटं कोरावं लागतं; पाट्यांच्या सवयीने त्याने ते सुलट कोरलं होतं. एकदा जरी छाप काढलेला असता, तरी ही चूक झाली नसती.

"खलास," मी म्हणालो.

पेंटर म्हणाला, "ह्याला ब्रश धरायला मी शिकवलं, साहेब. आता हा चित्रकार, आणि मी जन्मभर पाट्याच रंगवायच्या?" मग कागदाकडे बघून पुटपुटला, "उलटं असलं तरी अक्षर माझंच चांगलं."

वेटरने ते नाव घासून काढलं आणि त्याला व्हिसाही मिळाला. नोकरीत मी चोर पुष्कळ पाहिले. त्यांना माल हवा असतो. पेंटरला त्या पत्र्याचं काही नव्हतं. बरोबरीचा माणूस पुढे गेला, हे त्याला बघवत नव्हतं.

पेंटरच्या त्या 'अक्षर माझंच चांगलं'वर ठाण्यात आम्ही पोट धरून हसलो. त्याच महिन्यात माझ्या हाताखालचा एकजण बढती मिळून माझा साहेब झाला होता. मी त्याला रोज सॅल्यूट ठोकायचो, पण अभिनंदन केलं नव्हतं. अजूनही केलेलं नाही.