रिकाम्या थैलीचा रिपोर्ट

आईच्या लघवीतून रक्त जातंय हे मला आईने सांगितलं नाही, तिच्या शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं. मी तशीच मोहगावला, माहेरी गेले. आई अंगणात मिरच्या निवडत बसली होती.

"माय, कधीपासून होऊन रायलं हे?"

"झाले असतील आठ-दहा दिवस. दुखत नाई तं काय सांगू?"

दुखत नाही, याचीच मला धडकी भरली. मी अंगणवाडीत काम करते. दुखल्याशिवाय जाणारं रक्त साधं समजू नका, हे मी कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं आणि वहीतही लिहून घेतलं होतं.

सौसरच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी लिहून दिली आणि बजावलं, भरपूर पाणी प्यायचं, लघवी रोखून धरायची, लघवीची थैली भरलेली असली तरच आतलं दिसतं. हे मला सांगायची गरज नव्हती. गरोदर बायांना मी स्वतः हेच सांगून पाठवते. गावभर शहाणपण वाटणं हे माझं कामच आहे.

पांढुर्ण्याच्या सेंटरवर गर्दी होती. आईने दीड बाटली पाणी संपवलं आणि भिंतीला टेकून मुकाट बसली. रोखून धरण्यात ती पक्की. जन्मभर कापूस वेचला, संत्री तोडली; शेतात बाईमाणसाला आडोसा नसतो म्हणून दिवस दिवस पाणीच प्यायची नाही. पण आतून बाहेर आलेल्या एका बाईने सांगितलं, डॉक्टर जवान आहे आणि पोट लई दाबते. आईने माझं मनगट पकडलं.

"दाबलं अन् सांडलं तं? परका माणूस हाय तो. चाल, थोडंसं जाऊन येऊ."

मला माहीत होतं की जायचं नाही. एरवी एखाद्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला चारचौघींत झापलं असतं. पण आई कधी काही मागत नाही. मीच तिला बाथरूमपर्यंत धरून नेलं, आणि ती थोडंसं करून थांबली नाही.

पाचेक मिनिटांत आमचा नंबर लागला. डॉक्टरांनी मशीन फिरवली, उजव्या किडनीत बारीक खडा आहे म्हणाले, मग खाली सरकले आणि थांबले. "माताजी, थैली तो खाली है. पानी पीजिए, एक घंटे बाद फिर आइए."

बाहेर येऊन मी घड्याळ पाहिलं. तासभर थांबलो तर मोहगावची बस हुकणार होती. खडा तर सापडला, रक्ताचं कारण कळलं, आणखी काय पाहायचं? काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "दुबारा हो गया?" मी म्हटलं, "हो गया." रिपोर्ट घेतला आणि आईला जवळजवळ ओढतच स्टँडवर नेलं.

त्यानंतर आमच्याकडे जे होतं तेच झालं. खडा पडावा म्हणून पानफुटीची पानं, कुळथाचं पाणी, शेजारणींचे सल्ले. आठवड्यात रक्त थांबलं. खडा पडला असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, मीसुद्धा. रक्त थांबल्यावर डॉक्टरला कायले तोंड दाखवायचं? रिपोर्ट मी सौसरला नेलाच नाही. धाकटा भाऊ बोरगावला कारखान्यात आहे, त्याला फोनवर सांगितलं, खडा होता, बाकी नॉर्मल.

चार महिन्यांनी रक्त पुन्हा आलं, या वेळी गुठळ्यांसकट.

तेव्हा कुठे मी तो रिपोर्ट काढून ओळ न ओळ वाचला. माझं इंग्रजी अडखळतं, पण ती ओळ कळली. मूत्राशय पुरेसं भरलेलं नसल्याने नीट पाहता आलं नाही, भरून पुन्हा तपासावं. चार महिने तो कागद माझ्याच कपाटात, माझ्याच साड्यांखाली पडून होता. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या सोनोग्राफीला आईने थैली गच्च भरून नेली. या वेळी तिने माझं मनगट धरलं नाही. थैलीत आतल्या बाजूला काहीतरी दिसलं. गाठ असेल किंवा रक्ताची गुठळी असेल, असं लिहून आलं.

भाऊ सुट्टी टाकून आला. तिघं सौसरच्या डॉक्टरांसमोर बसलो.

"डॉक्टरसाहेब, आता सीधा एमआरआयच करून टाका," भाऊ म्हणाला. "सगळ्यात मोठी मशीन तेच ना?"

डॉक्टर चिडले नाहीत. "मशीन मोठी की लहान असं नसतं. काय शोधायचं त्यावर ठरतं. खड्यासाठी साधा सीटी पुरतो. किडनीपासून खालपर्यंत सगळी नळी पाहायची तर शिरेतून औषध सोडून सीटी करतात, पण त्याआधी किडनीचं काम तपासावं लागतं. थैलीच्या आतलं पाहायला दुर्बीणच लागते." मग त्यांनी चष्मा काढला. "मला एक सांगा. मागच्या वेळी थैली साफ होती का? साफ असेल तर ही गुठळी असू शकते. दहा दिवस थांबून सोनोग्राफीच परत करू. नसेल तर थांबायचं नाही, नागपूरला दुर्बीण."

"साफ होती," आई म्हणाली.

ती फरशीकडे पाहत होती. थैली बघितलीच गेली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भावाच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. आणि खरं सांगते, मलाही ते दहा दिवस हवे होते. दहा दिवसांत गुठळी विरघळली असती, कोणाला काही कळलं नसतं. आई मला वाचवत होती, आणि मी तिला वाचवू देत होते.

"जुना रिपोर्ट आणलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी राहिला," मी म्हटलं. पर्स मांडीवरच होती.

डॉक्टरांनी पेन उचललं. दहा दिवसांनंतरची तारीख ते लिहायला लागले, आणि मला ती तारीख बघवली नाही. मी पर्स उघडली, रिपोर्ट त्यांच्यापुढे सरकवला आणि सगळं सांगून टाकलं. बाथरूम, बस, काउंटर, सगळं. मध्येच रडू आलं, पण थांबले नाही.

डॉक्टरांनी ती ओळ वाचली, लिहिलेली तारीख खोडली आणि नागपूरसाठी चिठ्ठी लिहिली. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तू मले नॉर्मल म्हणली होती." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नागपूरला दुर्बिणीत गाठच निघाली. तिथल्या डॉक्टरांनी ती काढली, तपासायला पाठवली; रिपोर्ट कॅन्सरचा आला, आणि अशी गाठ परत येऊ शकते म्हणून आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून पाहायचं आहे. गाठ काढून आईला वॉर्डात आणल्यावर मी त्या डॉक्टरांना गाठून विचारलं, चार महिने आधी सापडली असती तर? ते म्हणाले, "लहान असती."

"काय म्हणले डॉक्टर?" आईने विचारलं.

मी सांगितलं, जसं होतं तसं. आईने चादरीची कड बोटाने सरळ केली.

"मले लाज वाटली वो बाई तवा," ती म्हणाली. "मीच म्हणलं तुले चाल म्हणून. तुयी काय चुकी?"

"लाजेनं नाई झालं, माय," मी म्हटलं. "पाणी पिऊन तू परत रोखली असती. मले बसची घाई होती."