बद्द वाजणारी भिंत

माझे वडील चुन्याच्या गिलाव्याचे गवंडी. सिमेंट आल्यापासून त्यांना कुणी विचारत नव्हतं. मग कोल्हापुरातल्या जुन्या दगडी इमारती दुरुस्त करून तिथं राष्ट्रीय कलासंग्रहालय करायचं ठरलं आणि त्या कामावरच्या बड्या साहेबांची गाडी आमच्या दारात आली. सत्तरी गाठलेल्या आबांनी दीड वर्ष राबून भिंती घोटल्या. चुन्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी स्वतः घालायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

एका दालनाची भिंत तेवढी राहिली होती. आबा म्हणाले, गिलाव्याचा पहिला हात अजून ओला आहे, महिनाभर थांबा. पण उद्घाटनाची तारीख ठरली होती. साहेबांनी दुसरी माणसं आणून ओल्यावरच दुसरा हात मारून घेतला. उद्घाटनाचं आमंत्रण आम्हाला आलंच नाही.

शेवटी आम्ही तिकीट काढून गेलो. ज्यानं भिंती घोटल्या त्यानं तिकीट काढायचं! दारातल्या संगमरवरी पाटीवर मंत्र्यापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांची नावं होती आणि अगदी तळाला, ‘व स्थानिक कारागीर’. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आबांनी पाटी वाचलीच नाही. चित्रांकडंही न बघता ते तडक त्या भिंतीपाशी गेले आणि बोट वाकवून ठोकायला लागले, माठ घेताना ठोकतात तसं. सगळीकडं खणखणीत. एका मोठ्या चित्राच्या वर मात्र बद्द.

“ओ पावणं, हात लावायचा न्हाय,” रखवालदार ओरडला.

“गिलावा सुटलाय हितला,” आबा म्हणाले. “चित्र काढून घ्या, न्हायतर अंगावर यील त्येच्या.”

तेवढ्यात तिथला अधिकारी आला. त्यानं आबांना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. “लेखी अर्ज द्या,” म्हणाला आणि पाठ फिरवून निघून गेला. आबा परत ठोकायला लागले तसा रखवालदारानं त्यांचा दंड धरला. सगळं दालन बघत होतं. मी खरं तर त्याला चार शब्द सुनवायला हवे होते. पण मी आबांनाच म्हणाले, “चला आता, लोक बघायलेत.”

रिक्षात आबा म्हणाले, “तू लिही अर्ज. तुझं अक्षर चांगलं हाय.”

लिहिते म्हणाले. मी कचेरीत कारकून आहे, अख्ख्या गल्लीचे अर्ज मीच लिहिते. पण त्या लोकांपुढं कागद घेऊन कशाला नाक घासायचं, या रागात आठवडा गेला, मग महिना गेला. आबांनी एकदा विचारलं तेव्हा दिला म्हणून सांगून टाकलं.

दिवाळीनंतर गिलावा कोसळला, चित्र फाटलं. पेपरात साहेबांचा खुलासा आला, की स्थानिक कारागिरांनी काम निकृष्ट केलं. श्रेय द्यायच्या वेळी तळाला ढकललेली माणसं दोष द्यायला बरी आठवली! मी पेपर आपटला, साहेबांच्या सात पिढ्या उद्धारल्या. आबा शांतपणे चहा पीत होते.

“तू कशाला तापतीस?” ते म्हणाले. “आपला अर्ज हाय की त्येंच्याकडं.”